आधी तो फोटो पाठवू नकोस

बयो,

काल रात्री पावणेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी दिवा मालवून आडवी झाले होते. ‘ताई, चिऊचं अकाउंट बंद पडलंय. रडून रडून डोळे सुजलेत पोरीचे. ओळखपत्र मागतायत. माझं आधार टाकू की तिचं?’ खाली दोन फोटो. एक त्या ॲपचा स्क्रीनशॉट, आणि दुसरा तुझ्या आधार कार्डाचा, ओट्यावर ठेवून काढलेला. कडेला लसणाची सालं दिसतायत. बारा आकडे स्वच्छ, पत्ता स्वच्छ, जन्मतारीख स्वच्छ.

‘कुणाचंच टाकू नकोस, सकाळी लिहिते,’ एवढं कळवून मी फोन ठेवला, पण झोप काही लागली नाही. आज दुसरा शनिवार, बँक बंद. तूही हातातलं आवर, चिऊला क्लासला सोडून ये आणि मग निवांत वाच. हे फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही.

पहिलं म्हणजे तिला रागावू नकोस. ते अकाउंट तिनं उघडलं दोन दिवाळ्यांपूर्वी, आईकडे, आपल्या सगळ्यांच्या देखत. मामेबहिणीनं जन्मसाल २००३ टाकून दिलं, चिऊनं अंगणात गिरकी घेतलेला व्हिडिओ चढवला आणि आपण सगळ्यांनी त्यावर बदाम टाकले. मीही टाकला. दहा वर्षांच्या पोरीनं खोटं वय सांगितलं, हे आपल्यातल्या एकीच्याही मनाला टोचलं नाही. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी आपलं वय वर्षभरानं कमी सांगणारी माणसं आपल्याच घरात होती. तसंच हे, फक्त उलट्या दिशेनं.

पण एसटीचं तिकीट प्रवास संपला की आपण फेकून देतो. हा आकडा तिथंच बसून राहतो. त्या ॲपच्या लेखी चिऊ दोन वर्षं झाली, विशी ओलांडलेली बाई आहे. म्हणजे बाईला दाखवायच्या जाहिराती तिला दिसणार, कुणीही अनोळखी माणूस तिला मेसेज करू शकणार, आणि लहानांसाठी जे काही कुंपण घातलेलं असतं ते तिच्याभोवती नसणारच. इन्स्टाग्रामचं उदाहरण घे. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी भारतात किशोरवयीन मुलांची खाती वेगळी करायला सुरुवात केली. असं खातं आपोआप खासगी राहतं, ओळख नसलेल्या माणसाला त्यावर मेसेज धाडता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना गप्प बसतात, आणि १६ च्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं तर आईबापांची परवानगी लागते. खोट्या तारखेनं आत गेलेल्या मुलीला यातलं काहीच मिळत नाही. तिची खरी तारीख टाकून थांबली असती, तर तेरा पूर्ण झाल्यावर ती या कुंपणाच्या आत गेली असती.

आता तू विचारशील, त्यांना कळलं कसं? गेल्या महिन्यात तिचा वाढदिवस झाला. तू केकचा फोटो टाकलास, ‘आमची चिऊ आज १२ वर्षांची झाली’ असं लिहिलंस आणि तिला टॅग केलंस. खाली चाळीस जणांनी ‘बाराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहिल्या. मोठ्या कंपन्या उघडपणे सांगतात की वाढदिवसाच्या शुभेच्छांतला आकडा आणि खात्यावरचं वय जुळतं का, हे त्यांची यंत्रणा बघते. तिथंच हे उघडं पडलं असणार, असं मला वाटतं.

मला तुला दुखवायचं नाही, पण हे बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. चिऊच्या बारशापासूनचं सगळं तुझ्या प्रोफाइलवर आहे. पूर्ण नाव, जन्मतारीख, हॉस्पिटलच्या दारातला फोटो, गणवेशातला फोटो ज्यात शाळेचं नाव वाचता येतं, स्कॉलरशिपच्या यादीत तिच्या नावाखाली रेघ मारलेला फोटो. हे सगळं तू कौतुकानं टाकलंस, मला ठाऊक आहे. तिला मात्र कुणी विचारलेलं नाही. ती विचारण्याएवढी मोठी नव्हती तेव्हाच तिची अर्धी ओळख बाहेर गेली. म्हणून आज आधार पाठवायचं की नाही हा प्रश्न आधारपुरता नाही गं.

तेरा वर्षांचा हा आकडा आला कुठून, माहीत आहे? मला वाटायचं, कुणा बालमानसशास्त्रज्ञानं ठरवला असेल. तसं नाही. अमेरिकेनं १९९८ साली एक कायदा केला आणि तो २००० च्या एप्रिलपासून लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईबापांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही, असं त्यात होतं. परवानग्या घेत बसण्यापेक्षा कंपन्यांनी ‘तेराखालच्यांना प्रवेश नाही’ अशी पाटीच लावून टाकली, आणि ती पाटी मग जगभर गेली. म्हणजे वयाची ही अट मुळात मुलांची माहिती सांभाळावी म्हणून आली होती. आज तीच अट पाळून घ्यायची म्हणून आपल्याकडे घरचा पत्ता आणि चेहरा मागतात.

ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियावर खातंच ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा दहा सेवांना तो कायदा लागू झाला. मुलांना किंवा आईबापांना शिक्षा नाही, दंड कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पहिल्या महिन्याभरात ४७ लाखांच्या आसपास खाती बंद झाली किंवा रोखली गेली. मेलबर्नच्या आपल्या मावसबहिणीचा मुलगा चौदाचा आहे. त्याचं स्नॅपचॅट गेलं, पण आजीशी व्हॉट्सॲपवरचं बोलणं चालू आहे, कारण निव्वळ निरोपानिरोपीची ॲप्स त्या बंदीत नाहीत. ती म्हणते, पहिले पंधरा दिवस घरात सुतक होतं, आता तो परत सायकल काढायला लागलाय. मी ते ऐकून खूश झाले. आपल्याकडेही वारं तिकडेच वाहतंय. २०२६ च्या जानेवारीत गोव्याच्या सरकारनं ऑस्ट्रेलियासारख्या बंदीचा विचार चालू असल्याचं सांगितलं.

मी या मर्यादेच्या बाजूची आहे, बयो. बारा वर्षांच्या पोरीनं रात्री अकराला किती जणांनी आपल्याला बघितलं हे मोजत बसावं, हे मला पटत नाही. पण मर्यादा घालायची कशी, यात खरी मेख आहे.

जत्रेतला मोठा पाळणा आठवतो? तिथं लाकडी पट्टी रोवलेली असायची. पाळणेवाला पोराला पट्टीशी उभं करायचा, डोकं रेघेच्या वर गेलं तर बस म्हणायचा, नाहीतर बाजूला. तुझं नाव काय, बाप काय करतो, राहतेस कुठं, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि वहीत लिहून तर मुळीच ठेवलं नाही. उंची मोजली, काम संपलं. फोनला अशी नजर नाही. सोळाखालच्यांना अडवायचं तर दारात आलेल्या प्रत्येकालाच वय विचारावं लागतं. तुला, मला, आपल्या सत्तरीच्या आईलासुद्धा. मुलांसाठी घातलेल्या अटीची किंमत सगळ्या मोठ्यांनीही मोजायची असते, हे या चर्चेत फार कमी जण बोलून दाखवतात.

आणि मोजायच्या पद्धती तरी कोणत्या? एक, तू सांगशील ते वय खरं मानायचं. त्याचं काय होतं ते आपण बघितलंच. दुसरी, ओळखपत्र. तिसरी, त्या स्क्रीनशॉटमध्ये खाली होती ती, चेहऱ्याचा व्हिडिओ. कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे वळव, उजवीकडे वळव, आणि यंत्र अंदाज करणार की ही बारा-तेराची की अठराची. ऑस्ट्रेलियानं कायदा लागू करायच्या आधी अशा तंत्रांची मोठी चाचणी घेतली. त्यात दिसलं की नेमक्या सोळाच्या आसपासच्या वयातच हा अंदाज डळमळतो, आणि मुलींच्या व गोऱ्या नसलेल्या चेहऱ्यांच्या बाबतीत जास्त चुकतो. आपल्या पोरी म्हणजे दोन्हींत बसल्या. चौथी पद्धत न विचारता चालते. तू काय बघतेस, कुणाशी बोलतेस, किती वाजता बोलतेस यावरून वय ताडायचं. यात कागद द्यावा लागत नाही, पण त्यासाठी तुझ्यावर सतत डोळा ठेवावा लागतो.

माझी नऊ वर्षं बँकेत केवायसीच्या टेबलावर गेली. रोज शे-दीडशे माणसांची कागदपत्रं हातातून जातात. म्हणून मला कागदाची भीती वाटत नाही, कागद कुणाच्या हातात जातो याची वाटते. बँकेत तुझा कागद आला की त्यावर माझी सही असते, फाइल कपाटात जाते, तपासणीला माणूस येतो, आणि काही चुकलं तर तू काउंटरवर येऊन मला जाब विचारू शकतेस. त्या ॲपला पाठवलेला फोटो बऱ्याचदा नुसता त्या कंपनीकडेच राहत नाही. पडताळणीचं काम तिनं दुसऱ्याच कंपनीला दिलेलं असतं. ती कुठल्या देशात आहे, तुला सांगता येईल का? २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड नावाच्या ॲपच्या बाबतीत असंच झालं. वयाच्या तक्रारी निस्तरण्यासाठी लोकांनी पाठवलेली सरकारी ओळखपत्रं बाहेरच्या एका पुरवठादाराच्या यंत्रणेतून चोरांच्या हाती लागली. कंपनीनंच सांगितलं की जवळजवळ ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. त्या लोकांनी काय गुन्हा केला होता? आमचं वय बरोबर आहे, एवढंच सिद्ध करायला गेले होते.

इतक्या लांब तरी कशाला जायचं. मागच्या वर्षी मी इथल्याच एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. आता पेनड्राइव्ह कुणी नेत नाही, दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप करायचं, तो प्रिंट देतो. रांगेत उभी होते आणि त्याचा मॉनिटर माझ्याकडे वळलेला होता. पडद्यावर आधार, पॅन, पासबुकं, दहावीचे दाखले, एका मुलीचा पासपोर्टचा फोटो. शेकडो. एकही काढून टाकलेलं नव्हतं. तो पोरगा बिचारा सज्जन होता. मी म्हटलं, हे पुसून का टाकत नाहीस? तर म्हणाला, ‘ताई, वेळच कुठंय.’ त्यात माझाही कागद होता, तीन महिन्यांपूर्वीचा. मी समोर उभी राहून तो काढायला लावला, पण बाकीच्यांचं काय?

बाबांची सवय आठवते का तुला? कुणालाही झेरॉक्स देताना ते त्यावर तिरक्या दोन रेघा मारायचे आणि मध्ये लिहायचे, ‘फक्त गॅस जोडणीसाठी’, खाली तारीख आणि सही. तो कागद मग दुसऱ्या कामाला चालायचा नाही. आपण हसायचो त्यांना. आज मला वाटतं, त्या दोन रेघांत सगळी अक्कल होती. कुठल्या कामासाठी, किती दिवसांसाठी, कुणाला. ओट्यावरच्या त्या फोटोवर अशी रेघ कुठं मारणार तू?

कायद्यानं त्या रेघा मारायला सुरुवात केलीय, हेही तुला सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील ताई नुसती घाबरवते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ च्या आधारच्या निकालात, खासगी कंपन्यांना आधार मागायची वाट मोकळी करणाऱ्या कलमावर घाव बसला. मग २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्यात अठरा पूर्ण होईपर्यंत मूल हे मूलच. त्याची माहिती घ्यायची तर आईबापांची पडताळलेली संमती हवी, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि या मुख्य तरतुदी लागू करायला १८ महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे २०२७ च्या मेपर्यंत. तोवर आपणच सावध राहायचं.

त्या नियमांत एक वाट मला फार आवडली. आईबाप मोठे आहेत की नाहीत हे डिजिलॉकरसारख्या अधिकृत ठिकाणाहून मिळालेल्या एका टोकनवरून पटवता येईल. नीट राबवलं, तर कंपनीनं विचारायचं ‘ही बाई सज्ञान आहे का?’ आणि उत्तर जायचं ‘हो’. बारा आकडे नाहीत, पत्ता नाही, फोटो नाही. पाळण्याच्या पट्टीसारखंच. कुणी वय विचारलं तर आपण वय सांगावं, वंशावळ नाही. मला यात खटकतं ते एवढंच की संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे का हे तपासलं जाईल, ती त्याच मुलीची आई आहे का याची तशी कडक तपासणी नियमांत नाही. मामेबहीण अठराची झाली की तीही ‘आई’ म्हणून हो म्हणू शकेल. कायद्याच्या जिवावर आपण निवांत बसायचं नाही ते यासाठी.

आता तुझा प्रश्न. माझं टाकू की तिचं? तिचं टाकलंस तर बारा वर्षं दिसणार आणि खातं कायमचं जाणार, वर तिचा आधार क्रमांक त्यांच्याकडे राहणार. तुझं टाकलंस तर एका खोट्यावर दुसरं खोटं, आणि तेही चिऊच्या डोळ्यांदेखत. ते खातं जाऊ दे, बयो. मला माहीत आहे, त्यावर तिचे सत्तावीस व्हिडिओ आहेत, दोन वर्षांची मेहनत आहे. खातं पुरतं बंद व्हायच्या आधी तिचे व्हिडिओ उतरवून घ्यायची सोय मिळते का बघ. तो ऐवज तिचा आहे. तेरा पूर्ण झाली की खऱ्या तारखेनं, खासगी खातं, तुझ्या देखरेखीखाली. तोवर तिचा नाच शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि आपल्या घरच्या ग्रुपवर होऊ दे.

पण देखरेख म्हणजे काय, यावर मला तुझ्याशी अगदी मनातलं बोलायचंय. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आमचा मुलगा चौदाचा असताना मी तो झोपल्यावर त्याचा फोन उघडायची. पासवर्ड त्याच्या बोटांवरून पाठ केला होता. महिनाभर वाचलं. त्यात होतं काय? क्रिकेट, एका सरांची नक्कल, आणि एका मुलीला लिहिलेली चार वेडी वाक्यं. मी ती चार वाक्यं मनात धरून त्याला आडून आडून टोमणे मारले. त्याला कळलं. तो ओरडला नाही, भांडला नाही. त्यानं दुसरं खातं उघडलं आणि माझ्याशी बोलणं कमी केलं. पुढे दहावीत एका अनोळखी माणसानं त्याच्याकडे नको तसले फोटो मागितले, तेव्हा तो माझ्याकडे आला नाही, मित्राच्या मोठ्या भावाकडे गेला. तो भाऊ चांगला निघाला म्हणून निभावलं. मला हे त्याच्याकडून कळलं तीन वर्षांनी. त्या रात्री मी खूप रडले. मुलांची माहिती कंपन्यांनी चोरून वाचू नये म्हणून आपण भांडतो, आणि मी स्वतः तेच केलं होतं.

म्हणून तू काय बघणार आहेस ते तिला आधी सांग. कोण फॉलो करतं ते आपण दोघी दर रविवारी बघू, तुझे मैत्रिणींचे मेसेज मी वाचणार नाही, आणि कुणी घाबरवलं, फोटो मागितला, धमकी दिली तर कितीही चूक झालेली असली तरी मी आधी तुझ्या बाजूनं उभी राहीन. हे असंच, याच शब्दांत सांग. वेळ आलीच तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. अठराखालच्या मुलीचा नको तसा फोटो कुणाकडे गेला असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा आहे, त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोटोचा एक सांकेतिक ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. कंपन्यांना मनात आणलं तर असं करता येतं, हे मला त्यावरून कळलं.

आणखी एक. चिऊच्या बाबांनी काल म्हटलं ना, की आता अठरापर्यंत फोनच नको हिला? मला त्यांची काळजी कळते. पण एक बघ, आपल्या घरांत बंदी आली की पहिल्यांदा मुलीच्या हातातला फोन जातो. तिच्याच वयाच्या चुलतभावाचं खातंही खोट्या तारखेचंच आहे, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला का? संमतीची किल्ली आईबापांकडे आली की ज्या घरात मुलीला एकटीनं वाचनालयातही जाऊ देत नाहीत, तिथं ती किल्ली कशी फिरेल? एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल, कॉलेजबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल कुणाला तरी विचारायचं असेल, आणि तिच्या प्रत्येक खात्यावर बापाची मंजुरी लागत असेल, तर ती कुठं जाणार? अठराची रेघ मला म्हणूनच जड वाटते. बारा आणि सतरा एका मापानं मोजता येत नाहीत. पण चिऊ आणि तिचा चुलतभाऊ एकाच वयाचे, नियम त्या दोघांना सारखा लागू दे, एवढं तू घरात ठामपणे बोल. माझं नाव घेतलंस तरी चालेल.

तुमच्या विट्यापासून जवळच, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचं वडगाव आहे. तिथं २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाइल बंद. बायकांच्या ग्रामसभेत ते ठरलं होतं. साडेआठला दुसरा भोंगा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते जुनाट वाटलं होतं. आता वाटतं, त्या भोंग्यानं कुणाचं आधार मागितलं नाही, कुणाचा चेहरा मोजला नाही, कुणाच्या मेसेजात डोकावला नाही. आणि तो पोराला वाजतो तसा बापालाही वाजतो. तुमच्या घरात सात ते साडेआठ तू मालिका बघतेस, चिऊचे बाबा शेअरचे आकडे बघतात, आणि चिऊनं तेवढं पुस्तक उघडावं अशी आपली अपेक्षा. भोंगा तुमच्याच स्वयंपाकघरात लावता येईल, कुकरची तिसरी शिट्टी झाली की तिन्ही फोन फ्रिजवर.

आधारचं म्हणशील तर, यापुढे कुठं द्यावंच लागलं तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घे. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २०२२ च्या मेमध्ये त्यांच्याच एका कार्यालयानं झेरॉक्स वाटेल तिथं देऊ नका म्हणून पत्रक काढलं होतं आणि दोन दिवसांत ते मागेही घेतलं गेलं, पण मास्क्ड आधार बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा ठाऊक झालं. फोटोवर बाबांसारखं ‘फक्त अमुक कामासाठी’ लिहून तारीख टाकता येते, फोनमध्येच, फोटो एडिट करताना. मी आता सगळीकडे तसंच करते. बँकेतल्या पोरी विचारतात, मॅडम हे काय? मी बाबांचं नाव सांगते.

आणि तुझ्या प्रोफाइलवरचं तेवढं आवर. सगळं पुसू नकोस, ते तुझे दिवस आहेत. जन्मतारीख दिसणारे, शाळा वाचता येणारे काढ, बाकीचे फक्त घरच्यांना दिसतील असे कर. चिऊला शेजारी बसव आणि एकेक फोटो तिला विचार, हा ठेवू का. वेळ लागेल. पण तिचं ‘हो’ आणि ‘नाही’ तू ऐकतेस हे तिला कळू दे. उद्या तिला दारात कुणी अडवून काही मागितलं, तर नाही म्हणायला ती तिथंच शिकणार आहे.

तू पाठवलेला तो आधारचा फोटो मी माझ्या फोनमधून काढून टाकलाय. तूही आपल्या चॅटमधला ‘सगळ्यांसाठी’ पुसून टाक, मग गॅलरीतला, मग ‘नुकतेच हटवलेले’ म्हणून जो कप्पा असतो त्यातला, तिथं तो महिनाभर पडून राहतो. झालं की मला एक अंगठा पाठव. मी फोन हातातच धरून बसलेय.

तुझी,
ताई